नांगराचे कर्ज आणि विनानांगरणीची शेती : बीड जिल्ह्यातील अवजारांच्या पतपुरवठ्याचा एक आढावा

१

शेतीच्या अर्थकारणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा जमीन, पाणी आणि पीक ह्या तीन गोष्टींवर स्थिरावते. अवजाराकडे तिचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः शेतकऱ्याला कर्ज कोणी, किती आणि कोणत्या वस्तूच्या आधारावर द्यावे, हा प्रश्न दक्षिणेत प्राचीन काळापासून बैल व नांगर ह्यांच्याशी निगडित राहिलेला आहे. अलीकडे जमीन न नांगरता पीक घेण्याच्या पद्धतीचा, म्हणजेच शून्य मशागतीचा, पुरस्कार होऊ लागला आहे. ह्या पद्धतीकडे वळणाऱ्या शेतकऱ्याला भांडवल कोठून मिळावे, ह्याची चर्चा मात्र केवळ अनुदानाच्या टक्केवारीपुरती मर्यादित राहते. ह्या चर्चेला इतिहासाची जोड मिळाल्यास तिच्यातील मुख्य अडचण अधिक स्पष्ट होईल. ती अडचण अशी की, येथील पतव्यवस्था जी घडली ती नांगरणीभोवती घडली. दिसणारी, मोजता येणारी आणि प्रसंगी जप्त करता येणारी वस्तू हाच तिचा आधार राहिला. नांगरणी न करणे ही वस्तू नव्हे. त्यामुळे तिला पतपुरवठ्याच्या वहीत स्वतःचे खाते नाही.

ह्या विवेचनासाठी बीड जिल्हा विशेष उपयुक्त आहे. गोदावरीकाठच्या गेवराई-माजलगावकडील खोल काळी जमीन आणि बालाघाटाच्या माथ्यावरील हलकी, मुरमाड जमीन हे दोन्ही प्रकार येथे जवळजवळ नांदतात. आष्टी-पाटोद्याकडचा भाग अवर्षणाचा. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात राहिला. त्यामुळे निरनिराळ्या राजवटींची पतविषयक धोरणे एकाच भूमीवर कशी उतरली, हे येथे पाहता येते.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. कारण महसुली व्यवहाराची दृष्टी शब्दांतच साठलेली असते. मराठीत 'जमीन वाहणे' म्हणजे ती नांगरून कसणे. ह्याच क्रियापदापासून 'वहीत' आणि 'वहिती' हे शब्द आले. जी वहीत नाही ती 'पड'. जमिनीचे हे द्विविध वर्गीकरण सरकारी कागदात जसे आहे तसेच गावाच्या मनातही आहे. ज्याच्या शेतात उन्हाळ्यात ढेकळे दिसत नाहीत, तो शेतकरी आळशी किंवा नडलेला, असा अर्थ गाव काढते.

'मशागत' हा शब्दही ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. अरबी 'मशक्कत' हे त्याचे मूळ असून कष्ट हा त्याचा मूळ अर्थ होय. मराठीने तो जमिनीवरील कष्टापुरता संकुचित केला. 'शून्य मशागत' ह्या नव्या पारिभाषिक शब्दाचा शब्दशः अर्थ त्यामुळे 'शून्य कष्ट' असा होतो. ज्या समाजात कष्ट हेच कसणाऱ्याच्या हक्काचे समर्थन मानले गेले, त्या समाजात हा शब्द कानाला खटकल्यास नवल नाही.

तिसरा शब्द 'औत'. औत म्हणजे जुंपलेले अवजार. परंतु 'दोन औतांची शेती', 'चार औतांचा कुणबी' अशा प्रयोगांत ते जमिनीचे आणि ऐपतीचेही माप झाले. सावकार कर्ज देताना हेच माप वापरी. बैल व औत ज्याच्या दारी आहे तो पेरणी करणार, पेरणी करणारा पीक काढणार, आणि पीक काढणारा कर्ज फेडणार, अशी ही सरळ अनुमानपरंपरा होती. औत मोडले की पतही मोडली.

३

तथापि जमीन दरवर्षी नांगरलीच पाहिजे हा नियम जुन्या दख्खनी शेतीत सर्वत्र नव्हता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. खोल काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी घेणारा शेतकरी काही वर्षांच्या अंतरानेच मोठा नांगर घाली; मधल्या वर्षी वखराच्या पाळ्या देऊन तो तिफणीने पेरी. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरचा भुसभुशीत थर भेगांत पडून आपोआप उलथापालथ होते. जमीन स्वतःलाच नांगरते, असे जे म्हटले जाते त्याचा आधार हाच. १९३३ पासून सोलापूर येथे झालेल्या कोरडवाहू शेतीच्या संशोधनातही खोल नांगरणी ही प्रतिवर्षी करावयाची क्रिया मानलेली नव्हती. ओल धरून ठेवण्यासाठी बांधबंदिस्ती, वखरणी, रुंद अंतरावरची पेरणी व कोळपणी ह्यांवर तिचा भर होता.

ह्या प्रथेमागे आर्थिक कारणही होते. हरळी किंवा कुंदा माजलेल्या काळ्या जमिनीत लाकडी मोठा नांगर ओढण्यास तीन-चार बैलजोड्या लागत. इतके पशुधन एका सामान्य कुणब्याकडे नसे. ह्यासाठी समाजाने दोन संस्था निर्माण केल्या होत्या. एक सावड : आपापले बैल व मनुष्यबळ आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर नेणे. दुसरी इर्जिक : गावातील अनेकांनी आपली औते घेऊन एकाच्या शेतात जाणे आणि मोबदला म्हणून त्याने सर्वांना जेवू घालणे. आधुनिक परिभाषेत बोलावयाचे तर अवजाराची मालकी एकाची आणि वापर अनेकांचा, असा हा बिनव्याजी पतव्यवहारच होता. त्यात तारण नव्हते. परतफेड श्रमाने होई आणि ती चुकविणाऱ्यास पुढील हंगामात कोणी येत नसे.

४

राज्यसंस्थेने दिलेल्या कर्जाचे नाव तगाई. हा शब्द अरबी 'कुव्वत' ह्या शब्दाच्या कुळातील असून त्याचा मूळ भाव बळ देणे, उभारी देणे असा आहे. मोगल अंमलात आणि पेशवाईतही बैल, बी व नांगर ह्यांसाठी रयतेस तगाई दिल्याचे उल्लेख आढळतात. तिचा हेतू उघड होता. जमीन पड राहिली तर महसूल बुडतो. म्हणून ती वहीत राहावी. तगाई म्हणजे महसुलाच्या सुरक्षिततेसाठी केलेली गुंतवणूक होती.

शेजारच्या इंग्रजी मुलखात तगाईला कायद्याचे रूप आले. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आणि त्यापाठोपाठ १८८३ चा जमीनसुधारणा कर्जाचा व १८८४ चा शेतकरी कर्जाचा असे दोन कायदे आले. आष्टीचा प्रदेश अहमदनगरला लागूनच असला तरी निजामी हद्दीत असल्यामुळे तेथे हे कायदे लागू नव्हते. निजामी राज्याची तगाई स्वतंत्र नियमांनी चाले. पुढे मात्र भारतातील शेतकी कर्जाच्या विचारावर ह्या दोन कायद्यांचीच छाप राहिली, म्हणून त्यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे.

१८८३ च्या कायद्याचा विषय विहीर, बांध, चर अशी जमिनीची टिकाऊ सुधारणा हा होता. म्हणून त्याची मुदत दीर्घ. १८८४ च्या कायद्यात बी-बियाणे, गुरे आणि तत्सम चालू गरजा येत. म्हणून त्याची मुदत अल्प. जे जमिनीत राहते ते एका बाजूस, जे खपते किंवा मरते ते दुसऱ्या बाजूस. पुढे सहकारी संस्थांनी आणि बँकांनी अल्प, मध्यम व दीर्घ अशा तीन मुदती केल्या, तरी मुळातील विभागणी हीच राहिली. विनानांगरणीच्या शेतीचा पेच ह्याच विभागणीतून निर्माण होतो. तिच्यावरील खर्च दुसऱ्या प्रकारचा आहे : तणांचा बंदोबस्त, टोकणी, यंत्राचे भाडे. तिचे फळ मात्र पहिल्या प्रकारचे आहे : जमिनीत सेंद्रिय अंश वाढणे, धूप थांबणे, ओल टिकणे. हंगामी खर्चातून होणारी टिकाऊ सुधारणा कोणत्या खात्यात घालावी, ह्याचे उत्तर १८८३ च्या व १८८४ च्या चौकटीत मिळत नाही.

५

विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात नांगर तयार करण्यास आरंभ केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. लोखंडाने जमीन विषारी होते ह्या समजुतीमुळे पहिल्या नांगरांस प्रारंभी गिऱ्हाईक मिळाले नाही, ही हकीकत प्रसिद्धच आहे. परंतु समजूत ओसरल्यावरही किंमत उरलीच. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर घडवून देई. त्याचे मोल धान्यात, सुगीला चुकते होई. लोखंडी नांगराला रोख रक्कम लागे आणि तीही पेरणीपूर्वी, म्हणजे घरात रोख नसण्याच्या काळात. अवजार बलुत्याच्या व्यवहारातून निघून बाजाराच्या व्यवहारात गेले, आणि त्याबरोबरच ते कर्जाच्या व्यवहारातही गेले.

हे कर्ज पुरविण्यास संघटित व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. हैदराबाद राज्यात सहकारी पतसंस्थांची चळवळ १९१४ च्या सुमारास सुरू झाली, तरी मराठवाड्याच्या खेड्यात सावकार हाच मुख्य धनको राहिला. धान्याचे कर्ज सवाई-दिढीने फेडावे लागे. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने १९५१-५२ साली जी स्थिती नोंदविली ती सर्व देशाची असली तरी बीडसारख्या जिल्ह्याचे चित्र तिच्यात ओळखू येते. शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्का, सावकारांचा मात्र सुमारे ७० टक्के. अ. द. गोरवाला ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५४ मध्ये ह्या पाहणीचा अहवाल दिला. धनंजयराव गाडगीळ हे तिचे एक सदस्य होते.

याच सुमारास ट्रॅक्टरचे युग सुरू झाले. जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारताला दिलेल्या आरंभीच्या कर्जांपैकी एक, १ कोटी डॉलरचे, शेतीयंत्रांसाठी होते. मध्य भारतात कांस गवताने व्यापलेली जमीन ट्रॅक्टरने खोल नांगरून वहितीखाली आणणे हा त्याचा उद्देश. नांगरणी म्हणजे प्रगती, हे समीकरण आता आंतरराष्ट्रीय भांडवलाच्याही मान्यतेस पात्र झाले. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८२ मध्ये राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक (नाबार्ड) स्थापन झाली आणि भूविकास बँका विहीर, पंप व ट्रॅक्टर ह्यांसाठी दीर्घ मुदतीची कर्जे देत राहिल्या. ट्रॅक्टर ही धनकोच्या दृष्टीने आदर्श वस्तू होय. त्याला क्रमांक आहे, त्याची नोंदणी होते, त्यावर बोजा चढविता येतो आणि हप्ता थकल्यास तो ओढून नेता येतो. बैलजोडीचे तसे नाही. ती आजारी पडते, विकली जाते, म्हातारी होते.

परिणाम असा झाला की, जी खोल नांगरणी पूर्वी काही वर्षांनी होई ती भाड्याच्या ट्रॅक्टरने दर उन्हाळ्यात होऊ लागली. ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्याला हप्ता भरण्यासाठी इतरांची शेते नांगरणे भाग होते, आणि ज्यांचे बैल गेले त्यांना नांगरून घेणे भाग होते. वार्षिक नांगरणीच्या सार्वत्रिकतेमागे कृषिशास्त्राच्या सल्ल्याइतकाच कर्जाच्या हप्त्याचाही हात आहे, असे अनुमान ह्यावरून काढता येते.

६

बीड जिल्ह्याच्या पतव्यवहारात आणखी एक शब्द असा आहे की जो बँकेच्या कागदात सापडत नाही : 'उचल'. ह्या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पतिपत्नीच्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि कोयत्यामागे मुकादम हंगामापूर्वी उचल देतो. बैलगाडीवाल्या मजुराची उचल अधिक असते. तीतून बैलजोडी घेतली जाते आणि ती जोडी टायरगाडीला जुंपून कारखान्यावर जाते.

ह्याचा अर्थ असा की, बीडच्या कोरडवाहू शेताचे बैल पुष्कळदा उसाच्या भांडवलावर उभे असतात. ह्या कर्जाचे तारण जमीन नव्हे, पीक नव्हे, औतही नव्हे; कुटुंबाचे पुढील पाच-सहा महिन्यांचे श्रम हेच तारण. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते. हे कुटुंब परतते तेव्हा उन्हाळी नांगरटीचे दिवस असतात. हातात काही पैसा उरला असेल तर त्याचा पहिला वाटेकरी ट्रॅक्टरवाला ठरतो. उरला नसेल तर नांगरटही उधारीवर होते. नांगरणीचा खर्च वाचविणे हा ह्या कुटुंबाच्या दृष्टीने जमिनीच्या आरोग्याइतकाच पुढील उचल किती घ्यावी लागेल ह्याचाही प्रश्न आहे.

७

विनानांगरणीच्या आधुनिक पद्धतीचा उगम येथल्या जुन्या प्रथेत नाही. अमेरिकेत एडवर्ड फॉकनर ह्याने १९४३ मध्ये नांगराच्या उपयुक्ततेलाच आव्हान देणारा ग्रंथ लिहिला. १९६२ मध्ये केंटकी राज्यात हॅरी यंग ह्या शेतकऱ्याने ही पद्धत व्यापारी शेतीत आणली. १९७२ मध्ये ब्राझीलच्या पाराना प्रांतात हर्बर्ट बार्ट्झ ह्याने तिचे अनुकरण केले. ह्या पद्धतीला दोन गोष्टींचा आधार होता. तणनाशक हा एक, आणि न नांगरलेल्या जमिनीत चीर पाडून बी सोडणारे जड पेरणीयंत्र हा दुसरा. भारतात १९९० च्या दशकात पंतनगर येथे गव्हासाठी असे यंत्र विकसित झाले आणि उत्तरेकडील भात-गव्हाच्या पट्ट्यात ते पसरले. पुढे पेंढा जाळण्याचा प्रश्न तीव्र झाल्यावर २०१८ मध्ये केंद्र शासनाने पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश व दिल्ली ह्यांसाठी अवजार-अनुदानाची योजना काढली. तीत व्यक्तीला ५० टक्के आणि भाड्याने यंत्रे देणाऱ्या केंद्रांना ८० टक्के साहाय्य ठरले. ह्या यंत्रांना ट्रॅक्टर लागतोच. नांगर गेला तरी ट्रॅक्टरचे कर्ज राहते, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

महाराष्ट्रात ह्याहून वेगळी वाट निघाली. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे ह्यांनी 'सगुणा' पद्धत विकसित केली. एकदा गादीवाफे करून घ्यावयाचे, त्यानंतर नांगर लावावयाचा नाही. लोखंडी साच्याने भोके पाडून बी टोकावयाचे. पीक कापताना मुळे जमिनीतच ठेवावयाची. तणांचा बंदोबस्त तणनाशकाने करावयाचा. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर ह्यांनी उसात विनानांगरणीचे प्रयोग करून त्यांवर लेखन केले. ह्या पद्धतीत अवजार फारच स्वस्त आहे; लोखंडी साचा गावचा लोहारही करू शकतो. म्हणजे अवजारासाठी कर्ज घेण्याचा प्रश्न येथे जवळजवळ संपतो. दुसरा प्रश्न मात्र उरतो. पहिल्या दोन-तीन हंगामांत तणांचा उपद्रव अधिक असतो, पीक कमी येण्याचा धोका असतो, आणि तणनाशकाला रोख पैसे लागतात. २०२२ मध्ये केंद्र शासनाने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली, त्यामुळे ह्या आधाराची अनिश्चितताही उघड झाली. ट्रॅक्टरवाल्याची उधारी जाऊन तिच्या जागी औषधविक्रेत्याची उधारी येणे, एवढाच फरक पडला तर धनको बदलला, ऋण तसेच राहिले.

बीडसह मराठवाड्यातील सर्व जिल्ह्यांच्या निवडक गावांत २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प राबविण्यात आला. त्यासाठी जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचे कर्ज दिले. १९४९ मध्ये खोल नांगरणीच्या ट्रॅक्टरांसाठी कर्ज देणारी संस्था सुमारे ७० वर्षांनी जमिनीतील ओल व सेंद्रिय अंश राखण्यासाठी कर्ज देते, ही इतिहासाची दखल घेण्याजोगी घटना होय. ह्या प्रकल्पात रुंद वरंबा सरीच्या पेरणीयंत्रांना, शेतकरी गटांच्या अवजारे बँकांना आणि शून्य मशागतीच्या प्रसाराला स्थान मिळाले.

अनुदानाने अवजार घरात येते. पद्धत शेतात येतेच असे नाही. ह्याचे एक उदाहरण शेजारीच घडलेले आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने (इक्रिसॅट) काळ्या जमिनीसाठी रुंद वरंब्याची पद्धत आणि तिच्यासाठी बैलांनी ओढावयाचे चाकांचे बहुउद्देशी अवजार, 'ट्रॉपिकल्टर', पुढे आणले. ते उत्तम होते, पण महाग होते. भरघोस अनुदान देऊन ते शेतकऱ्यांस दिले गेले, तेव्हा अनेकांनी त्याचा उपयोग बैलगाडी म्हणून केला. पॉल स्टार्की ह्यांनी १९८८ मध्ये अशा अवजारांचा जो जागतिक आढावा घेतला, त्याचा निष्कर्ष हाच की, ही अवजारे परिपूर्ण होऊनही नाकारली गेली. ज्याला वाहतुकीची गरज होती त्याला गाडी मिळाली. पेरणीच्या पद्धतीतील जोखीम कोणीच वाटून घेतली नव्हती.

८

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, विनानांगरणीकडे वळणाऱ्या बीडच्या लहान शेतकऱ्याची गरज अवजाराच्या मालकीची नसून त्याच्या वेळेवर मिळणाऱ्या वापराची आहे. पेरणीची ओल चार-सहा दिवस टिकते. त्या दिवसांत यंत्र न मिळाल्यास त्याची किंमत किती कमी होती हे गौण ठरते. 'अवजारे बँक' ही संज्ञा ह्या दृष्टीने अन्वर्थक आहे. पैशाऐवजी वस्तू उसनी देणारी ही बँक म्हणजे सावड-इर्जिकीची तत्त्वतः वारसदार होय. मात्र इर्जिकीत कोणाचे शेत आधी हा निर्णय गाव करी. अवजारे बँकेत तो बहुधा यंत्राच्या मालकीत ज्यांचा वाटा मोठा त्यांच्याकडे जाण्याचा संभव असतो. नियमांत ह्याची तरतूद नसेल तर उशिरा पेरणारा नेहमी तोच राहील.

दुसरा निष्कर्ष मुदतीसंबंधी आहे. पीककर्जाचा दर जिल्हा पातळीवरील समिती पिकानुसार हेक्टरी ठरविते. मशागतीची पद्धत कोणती, हे तो विचारत नाही. आणि ते कर्ज पुढील हंगामापूर्वी फेडावे लागते. जमिनीच्या स्थित्यंतराला तीन वर्षे लागत असतील तर त्या तीन वर्षांच्या हंगामी खर्चाला मध्यम मुदतीच्या कर्जाचा दर्जा मिळणे तर्काला धरून होईल. विहिरीला जो न्याय १८८३ मध्ये मिळाला तो जमिनीच्या पोतास मिळावा, इतकाच ह्याचा अर्थ.

तिसरा निष्कर्ष जोखमीसंबंधी आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. आजवरच्या प्रत्येक व्यवस्थेत धनकोने आपली सुरक्षितता एखाद्या वस्तूत शोधली : तगाईने महसुलात, सावकाराने पिकात व जमिनीत, बँकेने ट्रॅक्टरमध्ये, मुकादमाने श्रमात. विनानांगरणीच्या पहिल्या हंगामात पीक बुडाले तर ते नुकसान ह्यांपैकी कोणाच्याच खात्यात पडत नाही; ते शेतकऱ्याच्या घरी राहते आणि दिवाळीला त्या घरातून एकाऐवजी दोन कोयते निघतात. तेव्हा शून्य मशागतीचा प्रसार किती झाला, हे किती यंत्रे वाटली गेली ह्यावरून ठरविणे अपुरे होईल. ज्या गावांत ही पद्धत सुरू झाली त्या गावांतून ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची उचल कमी झाली की वाढली, ह्याची नोंद कोणी पद्धतशीरपणे ठेवील तर ह्या प्रश्नाचे उत्तर अधिक खात्रीने देता येईल. पदव्युत्तर अभ्यासकांना हे काम बीड जिल्ह्यातच, गावपातळीवर, करण्यासारखे आहे.